पाचवा अंगठा

हे कुणाला पटणार नाही. आजवर एकाही बॅचला पटलेलं नाही. तुम्ही तर पहिल्या वर्षाचे, कशावरही विश्वास ठेवायच्या वयातले, तरी तुम्हालाही पटणार नाही. पण ऐका. स्टुलं कमी पडली तर बाकांवर बसा, पॅटर्नच्या कपाटाला टेकू नका, आणि खिडकीपाशी बसलेल्यांनी खिडकीला हात लावायचा नाही. बाकी सगळं चालेल.

तर बारा वर्षांपूर्वी कोल्हापुरात भूपाल चौगुले नावाचा एक पॅटर्नमेकर होता. पॅटर्नमेकर म्हणजे काय, हे तुमच्या पुस्तकात शेवटच्या धड्यात असतं, आणि तो धडा परीक्षेला येत नाही. पंपाची बॉडी ओतायची असेल तर आधी कुणीतरी तीच बॉडी लाकडात कोरावी लागते. ते लाकूड वाळूत दाबायचं, अलगद काढून घ्यायचं, आणि मागं राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. लाकूड एक, त्याच्यावरून ओतीव हजार. म्हणून पॅटर्नमध्ये केसभर चूक झाली की ती एक चूक राहत नाही, हजार होते. भूपालच्या पॅटर्नमध्ये चाळीस वर्षांत ती झाली नाही. त्यानं एकदा सागवानाची सुपारी कोरली होती. सोसायटीच्या चेअरमननं ती दोन तास चघळली आणि म्हणाला, जरा जून निघाली.

पण या गोष्टीच्या वेळी भूपालच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता. तो कसा गेला याच्या सात हकिकती होत्या. गल्लीतल्या पोरांसाठी पंचगंगेतली मगर होती, व्याह्यांसाठी कुस्तीचं मैदान होतं, आणि बँकेतल्या बाईंना त्यानं सांगितलं होतं की कागदांवर लावून लावून झिजला. खरी हकिकत फक्त त्याच्या बायकोला, पद्माक्काला, ठाऊक होती. बँडसॉच्या फिरत्या करवतीवर लाकूड धरलेलं असताना भूपाल मागं वळून कुणाला तरी मगरीचीच गोष्ट सांगत होता.

अंगठा गेला तशी लाकूड कोरायची पटाशी गेली. पटाशी नुसती मुठीत धरून भागत नाही, तिला मागून रेटणारा अंगठा लागतो. दहा वर्षं अवजारं तेल लावून पेटीत पडली होती आणि रोज सकाळी पद्माक्का नवऱ्याच्या शर्टाची सात बटणं लावत होती. लावताना बोलत काही नव्हती. बोलली असती तर बरं झालं असतं, असं भूपालला वाटायचं.

आता आपल्या कॉलेजचा रिवाज. तो तेव्हा नवा होता. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक माणूस मिळायचा. प्रोजेक्टचा विषय मिळायचा नाही, माणूस मिळायचा, नावगाव असलेला. त्याची अडचण समजून घ्यायची, तिच्यावर वस्तू करायची, आणि एकदम शेवटची करायची नाही. पाच नमुने करायचे. प्रत्येक नमुना त्या माणसाकडं आठवडाभर राहणार, मग परत येणार, मग पुढचा. शेवटच्या कागदावर परीक्षकाची सही नसायची. त्या माणसानं स्वतःच्या हातानं एक शब्द लिहायचा: चालतंय. तो नाही लिहिला तर वर्ष गेलं. हा रिवाज पाडला आवटी मॅडमनी. मॅडम म्हणायच्या, पहिला नमुना इतका कुरूप करा की मोडताना हात थरथरू नये.

तबस्सुम मुजावर नावाच्या मुलीला भूपाल मिळाला. शिरोळची मुलगी, वडील ऊसतोडणीच्या यंत्रावर ड्रायव्हर. तिनं आल्या आल्या पिशवीतून हात स्कॅन करायचा कॅमेरा काढला.

"ते ठेव आत," भूपाल म्हणाला. "चाळीस वर्षं मापं दिली या हातानं. आता कॅमेरा मला माप शिकवणार व्हय?"

"अण्णा, दोन मिनिटांचं काम आहे."

"माझं एका मिनिटाचं हाय."

अंगठ्याच्या उरलेल्या खुंटाभोवती त्यानं दोरा गुंडाळला, खिशातली जुनी पोलादी पट्टी काढली, दोरा तिच्यावर ताणून धरला. "लिही. साडेचौऱ्याहत्तर मिलिमीटर."

तिनं लिहिलं. असल्या माणसाच्या मापावर शंका घ्यायची म्हणजे हलवायाला साखर ओळखायला लावण्यासारखं.

पहिला अंगठा पुठ्ठ्याचा होता, रबरबँड लावलेला, खरोखर कुरूप. भूपालनं तो खुंटावर चढवला आणि त्याच क्षणी त्याला एक गोष्ट कळली. ती कोणती, ते पुढं येईल. तोंडानं तो म्हणाला, "झकास."

दुसरा लाकडाचा, सांध्यात पितळी खीळ असलेला. झकास. तिसरा थ्रीडी प्रिंटरवरचा, टोकाला रबरी खवले. एकदम झकास, लेकी. तबस्सुम दर सोमवारी यायची, विचारायची, "अण्णा, कसा आहे?" आणि दर सोमवारी भूपाल एक नवी हकिकत सांगायचा. या अंगठ्यानं त्यानं सुईत दोरा ओवला होता. या अंगठ्यानं बाजारात म्हैस धरून ठेवली होती. पद्माक्का हे ऐकून आत जायची आणि भांडी जरा जोरात ठेवायची.

पोरगी बिचारी खूश होऊन परत जायची आणि सांधा आणखी मऊ करायची, टोक आणखी खरबरीत करायची. ज्यात काही बिघडलं नव्हतं ते सगळं तिनं तीन नमुन्यांत सुधारलं.

तेवढ्यात कॉलेजात रवा आला.

त्याचं खरं नाव स्मृतिकण, पण पिंपात ओतताना तो रव्यासारखा दिसायचा, म्हणून पोरांनी रवाच म्हटलं. शास्त्र सोपं आहे, लक्ष द्या. गॅस पेटवायच्या लायटरमध्ये खटका दाबला की ठिणगी पडते, बरोबर? आत एक स्फटिक असतो. त्याला दाबलं की त्यात वीज तयार होते. हे जुनं ज्ञान आहे. रव्याच्या प्रत्येक कणाच्या पोटात असाच स्फटिक आहे, मोहरीच्या शंभराव्या भागाएवढा. त्याला दाब बसला की तो चिमूटभर वीज स्वतःतच साठवून ठेवतो. किती दाब, किती ऊब, किती वेळ, कोणत्या घटकेला, सगळं. दोऱ्याला गाठी मारून हिशेब ठेवावा तसं. आणि कणाचं वरचं कवच आवाजाला ऐकतं. पिंपात एका पट्टीतला आवाज सोडला की कण एकमेकांना चिकटतात आणि हवा तो आकार उभा राहतो, नऊ मिनिटांत. दुसऱ्या पट्टीतला आवाज सोडला की चार मिनिटांत पुन्हा रवा. सुटताना प्रत्येक कण आपल्या गाठी ओतून जातो, आणि पडद्यावर चित्र येतं: वस्तूला कुठं दाबलं, केव्हा दाबलं, किती जोरानं.

म्हणजे विचार करा. आजवर वस्तू केली की ती कशी चालली हे माणसाला विचारावं लागायचं, आणि माणूस सांगेल ते खरं धरावं लागायचं. आता वस्तूच घरी राहून यायची आणि सगळं सांगायची. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणतात. त्यांनी आयुष्यभर पोरांना सांगितलं होतं की नमुना म्हणजे शोकेसमधली वस्तू नव्हे, नमुना म्हणजे विचारलेला प्रश्न. आता प्रश्नाला कान आले होते.

चौथा अंगठा रव्याचा झाला. विटकरी रंगाचा, देखणा. भूपालकडं आठवडाभर राहिला. सोमवारी झकास म्हणून परत आला. तबस्सुमनं तो पिंपात टाकला, आवाज सोडला आणि पडद्यासमोर बसली.

चित्र आलं ते असं. मंगळवारी रात्री अकरा मिनिटं अंगठा हातावर होता. त्या अकरा मिनिटांत आतल्या बाजूला एक लाल कडं, म्हणजे जोराचा दाब, उमटलं होतं, चारी बाजूंनी. पुढं साडेपाच दिवस हातच नाही. दोन्ही बाजूंनी सपाट, थंड दाब, एकसारखा. मधूनमधून तो दाब वाढायचा, एका बाजूनं. तिनं तासाचे आकडे पाहिले आणि हवामानाचे आकडे पाहिले. दोन्ही तंतोतंत जुळत होते. पश्चिमेचा वारा वाढला की अंगठा दाबला जात होता.

ती दुपारीच भूपालच्या दारात आली. भूपाल ओसरीवर शेंगा फोडत होता, डाव्या हातानं.

"अण्णा, या आठवड्यात काय काय केलंत?"

"काय न्हाई केलं ते विचार. मोटरसायकल चालवली. पन्हाळ्यापर्यंत."

"पश्चिमेचा वारा होता?"

"तुफान."

"साडेपाच दिवस?"

भूपालनं शेंग खाली ठेवली. "तुझा रवा शिळा हाय. परत कर त्यांना."

आतून पद्माक्का बाहेर आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिनं तबस्सुमला दिला आणि म्हणाली, "खिडकी वाजायची थांबली बघ बाय आमची. दहा वर्षं खडखडत होती. तेवढा उपयोग झाला."

तबस्सुमनं तांब्या तोंडाला लावलाच नाही. मघापासून तिला वाटत होतं आपण चिडू, पण ती चिडली नाही. पायरीवर बसली.

"म्हणजे चारही वाईट होते," ती म्हणाली. "मला वाटलं मला जमतंय."

भूपालनं आयुष्यात पुष्कळ खोटं सांगितलं होतं, पण ते ऐकून समोरचा हसायचा, नाहीतर शिवी द्यायचा. खोट्यानं कुणाचा चेहरा असा पडलेला त्यानं पाहिला नव्हता. त्यानं घाईघाईनं शेवटचं औषध काढलं.

"हे बघ, तुझं वर्ष जायला नको. तो कागद आण. आत्ता लिहितो, चालतंय. रवा काय बोलतोय ते तुला नि मला ठाऊक. मॅडमला कोण सांगतंय?"

तिनं पिशवीतून कागद काढून त्याच्यापुढं ठेवला, वर पेन ठेवलं. ही गोष्ट तिनं का केली, हे तिनं नंतर कधी सांगितलं नाही. परीक्षा बघितली असेल, किंवा खरंच थकली असेल. वीस वर्षांची मुलगी, घरी धाकटी दोन, वर्ष गेलं तर वडिलांना काय सांगायचं हा प्रश्न तिलाही होता.

भूपालनं पेन दोन बोटांत धरलं. पहिलं अक्षर, च, काढलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि याच्या पुढं काय होतं? झालं का प्रोजेक्ट?"

"पुढं कारखानदारांच्या संघाकडं जातो. त्यांच्याकडं यादी आहे. अंगठा गेलेले एकतीस कामगार आहेत, या पट्ट्यातलेच. तुमच्यावरून साचा करून सगळ्यांना देणार. लांबी ज्याच्या त्याच्या मापाची, पण बुडाचं कडं सगळ्यांना तुमच्याच खुंटाच्या मापाचं, घेरात फारसा फरक नसतो म्हणतात. चाळीस वर्षं माप देणाऱ्यानं दिलंय म्हटल्यावर कुणी दुसऱ्यांदा मोजत नाही."

"यादीत कोण हाय?"

तिनं मोबाइलवर यादी दाखवली. भूपाल लांब धरून वाचत गेला. सातवं नाव इरगोंडाचं होतं. त्याच्याच हाताखाली शिकलेला, त्याच्याच बँडसॉवर अंगठा गमावलेला.

च काढून झाला होता. पेन तिथंच थांबलं.

पॅटर्नमेकरला आपण खोटं बोलतोय असं वाटलं नव्हतं, तोवर सगळं ठीक होतं. तो एका पोरीला बरं वाटावं म्हणून झकास म्हणत होता, त्यात काय बिघडलं? पण आता त्याला स्पष्ट दिसलं की तो जे म्हणत होता तोच पॅटर्न होता. पोरीनं तो वाळूत दाबला होता. त्याच्या एका झकासवरून एकतीस ओतीव निघणार होते, एकतीस लाल कडी, आणि त्यातलं एक इरगोंडाच्या हातात. चाळीस वर्षांत एक पॅटर्न वाकडा जाऊ दिला नव्हता, आणि आता हा.

त्यानं पेन खाली ठेवलं.

"दुखतंय, बाय," तो म्हणाला.

हे शब्द त्याच्या तोंडून पद्माक्कानंही पूर्वी ऐकले नव्हते. अंगठा गेला त्या दिवशीही त्यानं दवाखान्यात मगरीचंच सांगितलं होतं. ती चौकटीला धरून उभी राहिली.

"कुठं?" तबस्सुमनं विचारलं.

"बुडाशी. सगळीकडनं. आवळतंय. पहिल्या पुठ्ठ्याच्या वेळेपासनं."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं की."

भूपालनं खिशातली पोलादी पट्टी काढली आणि तिच्या हातात दिली. आता ती गोष्ट येते, जी त्याला पहिल्या क्षणी कळली होती.

"तुझी पट्टी काढ. शेजारी धर."

तिनं दोन्ही पट्ट्या शून्याला शून्य लावून धरल्या. तिची पट्टी तीस सेंटिमीटरला संपली. त्याची तीस सेंटिमीटरची खूण सहा मिलिमीटर पुढं होती.

रस थंड होताना आकसतो. पोलाद तर मीटरमागं वीस मिलिमीटर आकसतं. म्हणून पॅटर्नमेकर लाकूड तेवढं मोठं कोरतो, आणि दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून त्याची पट्टीच मोठी असते. तिच्यावरचा सेंटिमीटर हा सेंटिमीटर नसतो, थोडा जास्त असतो. धंद्यातल्या माणसाकडं दोन पट्ट्या असतात, एक आकसणारी आणि एक खरी. आणि शिकाऊ पोरानं आकसणाऱ्या पट्टीनं खरी वस्तू मोजली तर उस्ताद त्याच्या डोक्यात टपली मारतो, कारण मोठ्या पट्टीवर वस्तू लहान भरते. खुंटाचा घेर शहात्तर होता. पट्टीनं साडेचौऱ्याहत्तर सांगितला.

"दीड मिलिमीटर," तबस्सुम म्हणाली.

"चाळीस वर्षं धंद्यात मुरलेला माणूस," भूपाल म्हणाला, "आणि शिकाऊ पोराची चूक. तुला कॅमेरा आत ठेवायला लावून वर. कुठल्या तोंडानं सांगू?"

तिनं दोन्ही पट्ट्या पायरीवर ठेवल्या. मग तिला हसू फुटलं, ते दाबता दाबता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती म्हणाली, "अण्णा, म्हणजे माझे चारही बरोबर होते."

"चारही झकास होते. तेवढं खरं बोललो की."

आतून भांडं जोरात वाजलं नाही. पद्माक्का चहा टाकत होती.

पाचवा अंगठा खऱ्या पट्टीनं झाला. आणि तबस्सुमनं साच्याच्या कागदावर स्वतःहून एक ओळ घातली, की प्रत्येकाचा खुंट प्रत्येकाच्या घरी जाऊन मोजायचा, दोनदा, दोन माणसांनी. पाचवा अंगठा चढवून भूपाल पहिल्या सकाळी आरशासमोर उभा राहिला. पद्माक्का सवयीनं हात उचलून पुढं आली. पहिलं बटण त्यानं लावलं. दुसरं लावलं. तिचे हात तसेच हवेत होते, काय करावं न कळून. सातवं त्यानं मुद्दाम राहू दिलं. ते तिनं लावलं.

त्याच दुपारी पेटीतली पटाशी निघाली. आठवड्यानं तबस्सुमनं पिंप आणि पडदा भूपालच्या घरीच आणून अंगठा विरघळवून पाहिला तर पडद्यावर पटाशीचे रेटे होते, शेंगा होत्या, रोजची सहा बटणं होती. आणि एक खूण तिला लागेना: रविवारी संध्याकाळी, चाळीस मिनिटं, हलका, एकसारखा दाब, ऊब असलेला. अवजाराचा नव्हे.

"अण्णा, हे काय?"

"रंकाळ्यावर गर्दी होती," भूपाल म्हणाला. "कठडा धरून ठेवला होता."

पद्माक्का कपबशा घेऊन उठली आणि आत गेली. तबस्सुमनं एकदा आतल्या दाराकडं पाहिलं, एकदा पडद्याकडं. मग तिनं तेवढी खूण अहवालातून पुसली, पिंपात पहिल्या पट्टीतला आवाज सोडला आणि नऊ मिनिटांत तोच अंगठा पुन्हा उभा करून त्याच्या हातात दिला. हुशार मुलगी. यंत्रानं सांगितलेलं सगळं वाचता येणं हे शिक्षण, आणि त्यातलं काय लिहायचं नाही हे कळणं त्याच्या पुढचं. आज ती या वर्कशॉपची प्रमुख आहे, ते उगाच नाही. दाराबाहेरच्या पाटीवर नाव आहे, वाचलं नसेल तर जाताना वाचा.

कागदावरच्या च पुढं भूपालनं बाकीची अक्षरं लिहिली, अंगठ्यानं पेन धरून. आवटी मॅडमनी तो कागद वाचला, सगळी हकिकत ऐकली आणि म्हणाल्या, या माणसाला जाऊ देऊ नका, पोरांना दर वर्षी भेटला पाहिजे. एकतीस अंगठे घरोघर पोचले. इरगोंडा पुन्हा लाकडावर बसला.

आणि भूपाल चौगुले त्या दिवसापासून बदलला. आयुष्यात पुन्हा खोटं बोलला नाही. बारा वर्षं झाली, तो पाचवा अंगठा त्यानं एक दिवस हातावेगळा केला नाही, आणि थंडी असो, ऊन असो, तो अंगठा कधी एवढासुद्धा...

"अण्णा."

काय गं? खिडकीपाशी बसलेल्यांना काय सांगितलं होतं?

"हात नाही लावला. पण सीनियर म्हणाले होते, ही खिडकी इतकी खडखडते की वर्कशॉपमध्ये काही ऐकू येत नाही. आज ती वाजतच नाही. फटीत विटकरी रंगाचं काहीतरी खोचलंय, आणि तुमचा उजवा हात मघापासून खिशात आहे. खोटं बोलताय तुम्ही, अण्णा. कुठं दुखतंय?"